तारांची वाट

जुन्या मोटारींचे बडोद्याला अप्रूप आहे, आणि ते असणे स्वाभाविकच आहे. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला. असा मेळावा भरला की पितळी दिवे, आरशासारखा रंग, कातडी गाद्या आणि बॉनेटवरची चांदीची पुतळी पाहून पाहणाऱ्याचे डोळे निवतात. मात्र बॉनेट उचलून आत डोकावणारा विरळाच असतो. जो डोकावतो तोही इंजिनाची झळाळी पाहून समाधानाने मागे होतो. इंजिनावरून, त्याच्या कडेने आणि मागच्या पडद्यातून गेलेल्या तारा कशा नेल्या आहेत, कशाने बांधल्या आहेत, कोठे घासत आहेत, हे सहसा कोणी पाहत नाही. आम्हांला आज त्या तारांविषयी लिहावयाचे आहे.

संस्कृतीच्या पानावर मोटारीच्या वायरिंगचे काय काम, असा प्रश्न कोणी विचारील. गॅरेजातील मुख्य मिस्त्रीला आपल्याकडे उस्ताद म्हणतात आणि गाण्याच्या तालमीतल्या गुरूलाही उस्तादच म्हणतात. हा केवळ शब्दाचा योगायोग नव्हे. दोन्हीकडे विद्या हातातून हाताकडे आणि कानातून कानाकडे जाते, आणि दोन्हीकडे ती लिहून ठेवली नाही तर उस्तादाबरोबरच संपते. जुन्या गाडीचा रंग पैसे टाकले की पुन्हा मिळतो. तिच्या तारा कोणत्या वाटेने न्यावयाच्या हे ज्ञान मात्र एकदा गेले की पैशाने परत येत नाही. आमच्या लिहिण्याचे कारण एवढेच.

आधी विषय समजून घेऊ. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडण्यासाठी विजेचे दोन प्रवाह लागतात. पहिला बॅटरीचा, सहा किंवा बारा व्होल्टचा. तो स्विचमधून कॉईलकडे आणि कॉईलकडून डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटकडे जातो. पॉइंट उघडला की हा प्रवाह तुटतो, आणि त्या तुटण्याच्या धक्क्याने कॉईलच्या दुसऱ्या वेटोळ्यात दहा-वीस हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. हा दुसरा प्रवाह जाड तारेने डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत येतो, आतला रोटर फिरत फिरत तो एकेका प्लगकडे पाठवतो आणि सिलिंडरमध्ये ठिणगी पडते. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बसवलेली ही पद्धत १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत आली. त्यापूर्वी आणि त्यानंतरही काही काळ मॅग्नेटोचा अंमल होता. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टमध्ये तर प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असत, एक मॅग्नेटोचा आणि एक कॉईलचा. म्हणजे सहा सिलिंडरांच्या त्या इंजिनावर बारा जाड तारांचा पसारा असे.

चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. पुढे अँबॅसिडरमध्ये आलेल्या १४८९ सीसीच्या इंजिनात आणि फियाट अकराशेमध्येही त्यांचा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे. हा क्रम चुकला तर गाडी चालतच नाही, म्हणून तो मिस्त्रीचा पोरगाही पहिल्या महिन्यात पाठ करतो. परंतु कोणती तार कोणत्या प्लगला लावायची हे कळणे ही झाली बाराखडी. ती तार कोणत्या वाटेने न्यायची, येथून पुढे खरी विद्या सुरू होते.

घरातल्या दिव्याला दोनशे तीस व्होल्ट पुरतात. प्लगच्या तारेत त्याच्या कितीतरी पट दाब असतो. कोरड्या हवेत दर मिलिमीटरला सुमारे तीन हजार व्होल्ट असले की वीज उडी घेते. म्हणजे तारेचे आवरण कोठे तडकले आणि शेजारी इंजिनाचे लोखंड चार-पाच मिलिमीटरवर असले तर ठिणगी प्लगपर्यंत जाण्याचे कष्ट घेत नाही, वाटेतच उतरते. मग गाडी ‘मिसिंग’ मारू लागते. मालक कार्ब्युरेटर उघडवतो, पेट्रोलला शिव्या देतो, प्लग बदलतो. दोष मात्र एका खोबणीत घासलेल्या वीतभर तारेत असतो. जुने मिस्त्री यासाठी रात्रीच्या काळोखात इंजिन चालू करून नुसते लांबून पाहतात. जेथे निळसर झाक दिसेल वा बारीक काजवा चमकेल तेथे तार फुटली आहे. हात लावायचा नाही, फक्त पाहायचे. या परीक्षेला यंत्र लागत नाही, डोळे लागतात.

तारा शेजारी-शेजारी नेण्यातही मोठी मेख आहे. सारंगीच्या किंवा सतारीच्या तरफा आपण छेडत नाही. वरची तार वाजली की त्या आपोआप गुंजतात. तेथे हा गुण आहे, वाद्याची सारी गोडी त्यातच आहे. इंजिनावर हाच प्रकार दुर्गुण ठरतो. दोन जाड तारा बराच अंतर अगदी लगटून, समांतर गेल्या तर एकीत प्रवाह धावताच दुसरीत न बोलावता दाब उत्पन्न होतो. ज्या सिलिंडरची पाळी अजून आलेली नाही तेथे ठिणगी पडते. त्या सिलिंडरमध्ये दट्ट्या नुकता वर चढू लागलेला असतो, हवा पुरती दाबलेली नसते, आणि कमी दाबाच्या हवेत ठिणगी पडायला थोडे व्होल्टही पुरतात. मिश्रण भलत्या वेळी पेटते, वर येणाऱ्या दट्ट्याला उलटा तडाखा बसतो आणि हे दीर्घकाळ चालले तर दट्ट्या फुटतो. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, अशी ही गत!

याचे नामांकित उदाहरण म्हणजे १९५५ पासूनचे शेव्हरोलेचे व्ही-आठ इंजिन. त्याचा क्रम एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन असा आहे. यातले पाच आणि सात हे सिलिंडर एकाच ओळीत लागून आहेत आणि त्यांच्या पाळ्याही लागोपाठ येतात. म्हणून जाणता मिस्त्री या दोन तारा एकत्र बांधत नाही. त्यांच्यात अंतर ठेवतो, किंवा मध्ये दुसऱ्या पाळीची तार घालतो, आणि एकमेकींवरून न्यावीच लागली तर काटकोनात ओलांडवतो. कारण काटकोनात ओलांडणाऱ्या तारांत ही उसनी वीज जवळजवळ येत नाही. पाहणाऱ्याला वाटते की साऱ्या तारा एका जुडीत बांधल्या असत्या तर किती नीटनेटके दिसले असते. दिसण्याचा नीटनेटकेपणा आणि असण्याचा नीटनेटकेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे कळते.

बाकीचे नियमही असेच साधे, पण पाळायला अवघड. धुराची नळी आणि तिचा तापलेला मॅनिफोल्ड यांपासून तार निदान दोन-तीन बोटे दूर असावी. पंखा आणि पट्टा यांच्या आवाक्यात ती कधीही येता कामा नये. इंजिन रबराच्या पायांवर बसलेले असते. अॅक्सिलरेटर दाबताच ते कुशीवर झुकते. म्हणून शरीराकडून इंजिनाकडे जाणाऱ्या प्रत्येक तारेला थोडी ढील हवी, आणि ती ढील लोंबणारी नको. डिस्ट्रिब्यूटरच्या आत पॉइंटला जाणारी एक इवलीशी तार असते. व्हॅक्यूमने आतली तबकडी जेव्हा जेव्हा हलते तेव्हा ती तारही हलते. ती बारीक तंतूंची, मऊच असावी लागते. तिच्या जागी कोणी घरच्या वायरिंगची ताठ तार घातली तर ती एक दिवस आवरणाच्या आत तुटते, वरून मात्र धडधाकट दिसते. असला दोष शोधताना भल्याभल्यांची मती गुंग होते.

आता आगीचे बोलू, कारण खरी धास्ती तेथे आहे. इंग्लिश गाड्यांत ल्यूकस पद्धतीच्या रंगांचा संकेत असे, आणि आपल्या अँबॅसिडरनेही तो घेतला. तपकिरी तार बॅटरीची, काळी अर्थची, पांढरी स्विचकडून कॉईलला जाणारी आणि पांढऱ्यावर काळी रेघ असलेली कॉईलकडून डिस्ट्रिब्यूटरला जाणारी. या पद्धतीच्या बहुतेक जुन्या गाड्यांत पांढऱ्या तारेला फ्यूज नाही. वाटेत फ्यूज उडून गाडी भर रस्त्यात बंद पडू नये असा त्यामागचा विचार. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की ही तार पत्र्याच्या कडेवर घासून उघडी पडली तर बॅटरीचा सगळा जोर तिच्यातून धावतो आणि अडवणारे कोणी नसते. तार लाल होते, आवरण जळते आणि ती ज्या जुडीत असेल ती जुडीच पेटते. इंजिन आणि बैठक यांमधल्या पडद्याला जे भोक असते त्यात एक रबरी कडे बसवलेले असते. मिस्त्री त्याला ग्रोमेट म्हणतात. त्याची किंमत किरकोळ. जुने झाले की ते कडक होऊन गळून पडते, आणि मग लाखो रुपयांची गाडी आणि आग यांच्यामध्ये पत्र्याची एक धारदार कड उरते.

त्यात हल्लीच्या पेट्रोलची भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आले. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या या मिश्रणासाठी केलेल्या नव्हत्या; त्या फुगतात, चिरतात आणि पाझरतात. पाझरणारे पेट्रोल आणि वाटेत उतरणारी ठिणगी यांची गाठ पडली तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून प्लगची तार पेट्रोलच्या नळीला बांधणे हा सोयीचा मार्ग नसून अपराध आहे. आणि अग्निशामक नळकांडे गाडीत नसणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्याची तयारी ठेवणे होय.

बांधण्याविषयीही चार शब्द लिहिले पाहिजेत. जुन्या काळी वायरींवर सुती वीण असे, वरून रोगण, आणि जुडी पत्र्याच्या क्लिपांनी जागोजाग धरलेली. काही कामांत मेण लावलेल्या दोऱ्याने ठराविक अंतरावर गाठी घालत. प्लगच्या तारांना भोके पाडलेल्या पट्ट्या असत, म्हणजे त्या एकमेकींपासून अंतर राखून चालत. जुन्या फोर्ड व्ही-आठमध्ये त्या धातूच्या नळीतूनच नेल्या जात. आज बहुतेक ठिकाणी दोन वस्तू दिसतात: प्लॅस्टिकचा टाय आणि काळी चिकटपट्टी. हा टाय १९५८ साली अमेरिकेत विमानांतील वायरी बांधण्यासाठी निघाला. वस्तू उत्तम, पण १९३५ च्या गाडीत पांढरा प्लॅस्टिकचा टाय म्हणजे पैठणीला सेफ्टी पिन. शिवाय तो ओढून आवळला की मऊ आवरणात रुततो, आणि कापलेल्या टोकाची धार शेजारच्या तारेला लागते. चिकटपट्टीचे तर विचारू नये. इंजिनाच्या उष्णतेने तिचा गोंद पाझरतो, धूळ-तेल धरतो, आणि वर्षभराने पट्टी सुटून लोंबू लागते. बंधन किती आवळावे? तार हाताने ओढली तर सरकू नये, पण तिच्या अंगावर वण पडू नये. तंबोऱ्याची खुंटी पिळणाऱ्याला हा अंदाज निराळा समजवावा लागत नाही.

येथे एक रास्त शंका निघते. अस्सलपणा राखावा की सुरक्षितता? सारे जुन्यासारखेच हवे असे म्हणणारा पंथ आहे, आणि सारे उपटून नवे घाला म्हणणाराही आहे. आमच्या मते भांडण उगाच आहे. वरून सुती वीण आणि आत आधुनिक आवरण अशा वायरी आज करून मिळतात. पांढऱ्या तारेला नजरेआड एक फ्यूज, बॅटरीला हाताने तोडता येणारा एक स्विच, हे मूळ गाडीला धक्का न लावता बसवता येते आणि हवे तेव्हा काढता येते. नवीन काय घातले याची नोंद ठेवली की अस्सलपणाला बाध येत नाही. मात्र नवे म्हणजे चांगले असे समजून आंधळेपणाने घालू नये. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून निघालेल्या तारांच्या गाभ्यात तांबे नसून कार्बनचा धागा असतो. ल्यूकसच्या जुन्या टोपीत तारेच्या पोटात घुसणारा अणकुचीदार स्क्रू असे. तो तांब्याच्या तंतूंत घट्ट बसतो. कार्बनच्या धाग्यात त्याची पकड भरवशाची राहत नाही. नवी महाग तार आणि जुनी टोपी यांचा संसार असा जमत नाही.

सरकारने २०२१ च्या जुलैत पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. त्या नियमांत गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा, काया आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा असे म्हटले आहे. ठीक आहे, पण गाडी जाळते ती काया नव्हे, तार. मेळाव्यांच्या परीक्षकांना आमची विनंती आहे की त्यांनी रंगाइतकेच गुण बॉनेटखालच्या वाटांना द्यावेत. ज्याला गुण मिळतात तेच मालक करून घेतो, आणि मालक जे मागतो तेच मिस्त्री करतो.

मूळ मुद्दा अजून पुढे आहे. गाडीबरोबर आलेल्या जुन्या पुस्तकांत वायरिंगचा नकाशा असतो. तो कोणती तार कोठून निघून कोठे पोहोचते ते सांगतो. ती कोणत्या वाटेने जाते, कोठे वळते, कोणत्या बोल्टखाली तिची क्लिप आहे, हे तो बहुधा सांगत नाही. हे ज्ञान दोनच ठिकाणी असते: न उघडलेल्या मूळ गाडीत आणि म्हाताऱ्या मिस्त्रीच्या बोटांत. गाडी रंगवायला देताना पहिल्याच दिवशी वायरिंग कात्रीने कापून पोत्यात भरतात. तेथे पहिला पुरावा संपला. म्हाताऱ्या मिस्त्रीचा मुलगा आज संगणकाने दोष शोधणाऱ्या नव्या गाड्यांच्या कारखान्यात नोकरीला आहे, आणि त्यात त्याची चूक नाही. तेथे दुसरा पुरावा संपू लागला.

असा प्रसंग या शहराला नवा नाही. १८८६ साली मौलाबक्षांनी येथे संगीताची शाळा चालवायला घेतली तेव्हा गाणे लिहून शिकवता येते ही कल्पनाच अनेकांना रुचली नव्हती. त्यांनी स्वरलिपी केली, पुस्तके केली. लिपीने गवई होत नाही हे खरे. पण लिपी नसती तर जे गेले ते कायमचे गेले असते हेही तितकेच खरे. पुढे १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या राज्यात कलाभवन निघाले आणि गज्जरांसारख्या माणसाने कारागिराची विद्या त्याच्याच भाषेत शिकवण्याचा ध्यास घेतला. ज्या गावात गवयाच्या गळ्यातले आणि रंगाऱ्याच्या हातातले कागदावर आणण्याचे काम झाले, त्या गावाने मिस्त्रीच्या बोटांतले कागदावर आणू नये?

काम अवघड नाही. गाडी उघडण्याआधी प्रत्येक वळणाचे छायाचित्र घ्यावे. आज ते प्रत्येकाच्या खिशातल्या फोनने होते. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी. क्लिपा आणि ग्रोमेट फेकून न देता डबीत ठेवावेत. जुनी जुडी काढल्यावर ती फळीवर अंथरून, खिळे मारून तिचा पूर्ण मापाचा आराखडा काढावा आणि नवी जुडी त्याच फळीवर विणावी. कलाभवनाचा वारसा सांगणाऱ्या अभियांत्रिकी शाखेने आणि येथल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी दोन-चार म्हाताऱ्या उस्तादांना मानधन देऊन बोलवावे, त्यांच्याकडून एकेका गाडीची वाट वदवून घ्यावी आणि मराठी-गुजरातीत छापावी. त्या उस्तादाचे नाव पुस्तकावर असावे. बंदिशीखाली रचनाकाराचे नाव घालतो, तसेच.

राजवाड्यातल्या मोटारी कोणाच्या मालकीच्या, हा प्रश्न वेगळा. त्या चालू ठेवणारी विद्या मात्र सगळ्यांच्या मालकीची आहे, आणि तिचे जाणते आता थोडे उरले आहेत. पुढच्या मेळाव्यात एखाद्या गाडीपाशी उभे राहाल तेव्हा मालकाला बॉनेट उघडायला सांगा, आणि रंग कोणी दिला हे विचारण्याआधी तारा कोणी ओढल्या ते विचारा.